टाइप केलेलं ‘परळ’ अ‍ॅपपर्यंत पोचतं कसं? आयपीसी, डेस्कटॉप अ‍ॅप आणि आपली मराठी

हा एपिसोडचा लिखित मजकूर. लोकलमध्ये रेंज जात असेल किंवा इअरफोन घरी राहिले असतील, तर इथे वाचा. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

[००:००] सुरुवात

आज एका साध्या प्रश्नापासून सुरू करू. फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडलंत आणि ‘परळ’ टाइप केलंत. ही अक्षरं टाइप झाली कुठे?

बहुतेक जण म्हणतील, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये. पण कीबोर्ड हे वेगळं अ‍ॅप आहे. जीबोर्ड असो की दुसरा कुठला, तो स्वतःच्या जागेत चालतो आणि व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच्या जागेत. तुम्ही ‘प’ दाबलात की कीबोर्ड व्हॉट्सअ‍ॅपला निरोप पाठवतो, ‘एवढा मजकूर घाल’. अँड्रॉइडमध्ये हा निरोप पोचवणाऱ्या यंत्रणेचं नाव बाइंडर. आयफोनवरसुद्धा २०१४ पासून, म्हणजे आयओएस ८ पासून, बाहेरचे कीबोर्ड चालतात, आणि तेही अ‍ॅपपासून वेगळेच असतात.

चालू असलेल्या दोन प्रोग्रॅममधल्या या निरोपानिरोपीला म्हणतात इंटर-प्रोसेस कम्युनिकेशन. लाडाचं नाव आयपीसी.

फोनवर याची काळजी गूगल आणि अ‍ॅपल घेतात. तुम्ही अ‍ॅप बनवलंत तरी सहसा त्यात हात घालावा लागत नाही. डेस्कटॉपवर मात्र गोष्ट वेगळी. तिथे विंडोज, मॅक आणि लिनक्स, तिन्हीवर चालणारं अ‍ॅप बनवायचं म्हटलं की निरोपाचे तीन वेगळे रस्ते सांभाळावे लागतात. आणि त्यातला एखादा तुटला, तर सगळ्यात आधी भरडली जाते ती आपली मराठी.

[०२:१०] हे कोणाच्या कामाचं?

समजा, लालबागच्या एखाद्या मंडळाला वर्गणीच्या पावत्यांसाठी छोटं अ‍ॅप हवंय. मंडळात एकाकडे विंडोजचा लॅपटॉप, कॉलेजातल्या मुलीकडे मॅकबुक आणि ऑफिसमध्ये एक जुना पीसी, ज्यावर कोणीतरी उबुंटू टाकून दिलंय. तुम्ही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, म्हणून काम तुमच्याकडे. ‘तू कर रे, तुला येतं कॉम्प्युटरचं.’

तुम्ही क्यूटी किंवा इलेक्ट्रॉन घेता, चार दिवसांत अ‍ॅप तयार. इंग्रजीत सगळं टेस्ट करता, मस्त चालतं. आणि मग काका येऊन मराठीत नाव टाइप करायला बसतात. मॅकवर नाव येतं. उबुंटूवर इंग्रजी अक्षरंच येतात. विंडोजवर नाव बरोबर दिसतं, पण पावतीची फाइल उघडताना नावाच्या जागी प्रश्नचिन्हं.

पावतीवर देणगीदाराचं नाव चुकणं ही चाळीत छोटी गोष्ट नसते. आजोबांच्या नावाने दिलेली वर्गणी असते. तेव्हा हे सगळं का होतं आणि आधीच कसं टाळायचं, तो आजचा विषय.

[०४:००] प्रोसेस म्हणजे खोली

बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक खोलीला स्वतःचं कुलूप. शेजारच्या खोलीत काय शिजतंय ते वासावरून कळेल, पण भिंतीतून हात घालून त्यांच्या डब्यातली साखर घेता येत नाही. मागायची तर गॅलरीत येऊन मागायची.

प्रोसेसचं असंच असतं. ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक चालू प्रोग्रॅमला स्वतःची मेमरी देते. एका प्रोसेसला दुसरीच्या मेमरीत डोकावता येत नाही. हे मुद्दाम केलेलं आहे. एक प्रोग्रॅम कोसळला तर बाकीचे वाचावेत आणि एकाने दुसऱ्याचा पासवर्ड वाचू नये, म्हणून. बोलायचं असेल तर ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेल्या गॅलरीतूनच.

आणि ही गॅलरी तीन ठिकाणी तीन तऱ्हेची आहे.

[०५:३०] तीन सिस्टिम, तीन रस्ते

मराठी टायपिंगचंच उदाहरण घेऊ, कारण त्यात फरक एकदम स्पष्ट दिसतो.

विंडोजवर टेक्स्ट सर्व्हिसेस फ्रेमवर्क आहे. यात कीबोर्डवाल्याचा कोड डीएलएलच्या रूपात थेट तुमच्या अ‍ॅपच्या प्रोसेसमध्ये येऊन बसतो. म्हणजे शेजारी गॅलरीत उभा न राहता आपला एक माणूसच तुमच्या खोलीत पाठवतो. वेग चांगला मिळतो, पण अट अशी की ३२ बिटच्या अ‍ॅपला ३२ बिटचा डीएलएल लागतो आणि ६४ बिटला ६४ चा. आणि त्या पाहुण्याने घोळ घातला, तर तुमचं अ‍ॅप कोसळतं.

मॅकवर इनपुट मेथड हे स्वतंत्र छोटं अ‍ॅप असतं. २००७ च्या लेपर्ड आवृत्तीपासून यासाठी इनपुटमेथडकिट आहे. तुमचं अ‍ॅप आणि ते यांच्यातला निरोप सिस्टिम पोचवते.

लिनक्सवर सगळ्यात जास्त पात्रं आहेत. तुमच्या अ‍ॅपमध्ये एक छोटा प्लगिन असतो. तो कळ दाबल्याची बातमी आयबस नावाच्या डीमनला देतो. आयबस ती मराठीच्या इंजिनाकडे पाठवतो. इंजिन ठरवतं की ‘के’ नंतर ‘ए’ आला म्हणजे ‘क’ हवाय, आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. हे सगळं बोलणं डी-बस नावाच्या पद्धतीने चालतं. आयबसऐवजी काही जण एफसिटिक्स वापरतात, पण कल्पना तीच.

गंमत बघा, या साखळीत किती हात लागलेत. आयबस सुरू झालं रेड हॅटमध्ये. मराठीच्या कळींचे तक्ते ज्या एम-सतरा-एन लायब्ररीवर चालतात, ती जपानमधल्या संशोधन संस्थेत तयार झाली. त्या तक्त्यांमध्ये इनस्क्रिप्ट आहे, आणि मराठी संकेतस्थळांवर वाढलेल्यांच्या ओळखीचं ‘गमभन’ही आहे. रेड हॅटच्या पुण्याच्या ऑफिसातल्या इंजिनिअरांनीही भारतीय भाषांच्या फॉन्ट आणि टायपिंगवर अनेक वर्षं काम केलंय.

आपल्या मुंबईतही यावर डोकं लावलं गेलंय. जुहूच्या एनसीएसटीमध्ये, जी पुढे सी-डॅकमध्ये गेली, इंडिक्स नावाचा प्रकल्प होता. एक्स विंडो या पायाच्या पातळीवरच भारतीय लिप्या बसवायच्या, म्हणजे प्रत्येक अ‍ॅपला वेगळं काही करायला नको, असा तो विचार. त्याच संस्थेशी जोडलेले आणि आपल्या जे.जे.मध्ये शिकलेले र. कृ. जोशी यांनी विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट घडवला. ‘एकाने करायचं की प्रत्येकाने आपापलं करायचं’ हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

[०९:००] न दिसणारी डिपेन्डन्सी

आता मुद्द्याची गोष्ट. तुमचं अ‍ॅप कुठल्या लायब्ररीवर अवलंबून आहे, हे कळायला साधनं असतात. लिनक्सवर एक कमांड दिली की यादी येते. पण आयबसचा प्लगिन त्या यादीत दिसतच नाही. कारण तो अ‍ॅप बनवताना जोडलेला नसतो, अ‍ॅप चालू झाल्यावर शोधून उघडला जातो.

म्हणून काय होतं? अ‍ॅपइमेज किंवा झिप बनवणारं साधन यादी बघून लायब्ररी गोळा करतं, आणि इनपुट मेथडचा प्लगिन मागे राहतो. तुमच्या मशीनवर चालतं, कारण तिथे सगळं क्यूटी बसवलेलं आहे. मंडळाच्या पीसीवर इंग्रजी चालतं, मराठी नाही. एरर नाही, इशारा नाही. काकांना वाटतं आपल्यालाच जमत नाही.

पहिला धडा हा की आयपीसीची डिपेन्डन्सी दोन टोकांची असते. एक टोक तुमच्या पॅकेजमध्ये, म्हणजे तो प्लगिन. दुसरं टोक वापरणाऱ्याच्या मशीनवर, म्हणजे चालू असलेला डीमन. पहिलं तुम्ही सोबत देऊ शकता. दुसरं देऊ शकत नाही, फक्त आहे का ते विचारू शकता.

मधल्या रस्त्यावर वॉचमनही असतो. फ्लॅटपॅकमध्ये अ‍ॅप बंदिस्त असतं आणि त्याचं डी-बसवरचं बोलणं एका गाळणीतून जातं. आयबस तर साध्या डी-बसवर न बसता स्वतःचा खाजगी रस्ता वापरतं, त्यामुळे बंदिस्त अ‍ॅपला तो सापडायचाच नाही. यासाठी आयबसने पुढे ‘पोर्टल’ म्हणून वेगळी खिडकी दिली. अ‍ॅपमधली लायब्ररी जुनी असेल, तर तिला ही खिडकी माहीतच नसते.

आणखी एक नेहमीचा प्रकार. परवानगीची कटकट नको म्हणून कोणीतरी अ‍ॅप ‘सुडो’ लावून चालवतो. आता अ‍ॅप रूट युजरचं आणि आयबस तुमच्या युजरचं. दोघांची गॅलरीच वेगळी. मराठी बंद.

[१२:१५] जोडायचं की शोधायचं?

डी-बसची लायब्ररी अ‍ॅपला पक्की जोडावी का? पक्की जोडली आणि ती मशीनवर नसली, तर अ‍ॅप सुरूच होणार नाही. मॅक आणि विंडोजवर डी-बस चालू नसतंच, मग तिथे ती ओढत न्यायची कशाला?

चांगल्या प्रकल्पांनी काढलेला मार्ग बघा. गेम बनवणारे ज्यावर उभे असतात ती एसडीएल लायब्ररी डी-बसला पक्की बांधलेली नाही. चालू झाल्यावर ती शोधते. सापडली तर आयबसशी बोलते, नाही सापडली तर साध्या कीबोर्डवर चालते. क्यूटीतही डी-बस असं ऐनवेळी उघडण्याची सोय आहे.

तुम्हीही असंच करा. अ‍ॅपच्या मुख्य कोडला डी-बस, नेम्ड पाइप, एक्सपीसी ही नावं माहीतच नसावीत. त्याला एवढंच माहीत असावं: ‘निरोप पाठव’, ‘निरोप आला’, ‘जोडणी तुटली’. या तीन गोष्टींच्या मागे प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळी फाइल. आणि चौथी फाइल, जी काहीच करत नाही, फक्त ‘सोय उपलब्ध नाही’ एवढं सांगते. ही चौथी लिहिली की अ‍ॅप कुठेही निदान उघडतं तरी.

[१४:२०] पलीकडचा उत्तर देत नाही तेव्हा

शेजाऱ्याचं दार वाजवलंत आणि उत्तर आलं नाही, तर किती वेळ उभं राहायचं? डी-बसच्या नेहमीच्या लायब्ररीत ठरवून दिलं नसेल तर उत्तराची वाट २५ सेकंद बघितली जाते. स्क्रीन सांभाळणाऱ्या थ्रेडवर तुम्ही अशी वाट बघत बसलात, तर २५ सेकंद अ‍ॅप गोठलेलं. तेवढ्यात काका तीनदा क्लिक करतात आणि पॉवरचं बटण दाबतात.

मग वाट न बघता पुढे जाऊ? म्हणजे असिंक्रोनस? त्यातही खाच आहे. समजा ‘लालबाग’ टाइप करताय. अक्षरं इंजिनाकडून फिरून येतायत. तुम्ही लगेच एंटर दाबलंत, आणि एंटर मात्र इंजिनाकडे न जाता थेट अ‍ॅपने हाताळला. फॉर्म सेव्ह झाला, ‘ग’ अजून वाटेतच. पावतीवर छापलं ‘लालबा’.

असंच दुसरं एक. फोनेटिक टायपिंगमध्ये शेवटचं अक्षर थोडा वेळ कच्चं असतं, खाली रेघ दिसते तेव्हा. ते स्क्रीनवर दिसतं पण मजकुरात गेलेलं नसतं. त्याच क्षणी ‘जतन करा’ वर क्लिक केलं आणि अ‍ॅपने ते कच्चं अक्षर पक्कं करून घेतलं नाही, तर ते गळतं. क्यूटीत यासाठी इनपुट मेथडला ‘कमिट’ सांगायची सोय आहे. जतन करण्याआधी ती एक ओळ लिहायची. इंग्रजीत टाइप करणाऱ्या टेस्टरला हा बग कधीच दिसणार नाही, कारण त्याच्याकडे कच्चं अक्षर हा प्रकारच नसतो.

थोडक्यात, कळींचा क्रम मोडू द्यायचा नाही, आणि थांबायची मर्यादा स्वतः ठरवायची. सेकंदापेक्षा कमी. ती संपली की ‘मराठी टायपिंगशी जोडणी तुटली’ असं स्पष्ट दाखवायचं आणि अ‍ॅप चालू ठेवायचं.

[१७:३०] ‘परळ’ किती लांब?

आता माझ्या आवडीचा भाग. ‘परळ’ मध्ये अक्षरं तीन. मेमरीत किती जागा? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे ९ बाइट. तेच रोमन लिपीत लिहिलं तर ५ अक्षरं, ५ बाइट. ‘मुंबई’ आपल्याला तीन अक्षरं वाटतात. पण म, उकार, अनुस्वार, ब, ई असे युनिकोडचे ५ तुकडे, म्हणून १५ बाइट.

आयपीसीत हे महत्त्वाचं का? कारण निरोप बाइटमध्ये जातो. समजा तुमचं अ‍ॅप पाइपमधून एका वेळी ४०९६ बाइट वाचतं. सलग देवनागरी मजकूर असेल तर त्यात १३६५ चिन्हं पूर्ण बसतात, ४०९५ बाइट. उरलेला १ बाइट पुढच्या चिन्हाचा, आणि त्याचे बाकीचे दोन पुढच्या वाचनात. तुम्ही प्रत्येक तुकडा लगेच मजकुरात बदललात, तर तिथे अक्षर फुटतं आणि चौकोनातलं प्रश्नचिन्ह येतं. इंग्रजीत प्रत्येक अक्षर १ बाइट, त्यामुळे इंग्रजीत टेस्ट करून हे सापडत नाही. छोट्या मजकुरावरही सापडत नाही. देणगीदारांची लांब यादी पाठवली की बरोबर मधल्याच कुणाचं तरी नाव फुटतं.

उपाय जुना आणि सोपा आहे. निरोपाच्या आधी त्याची लांबी पाठवायची, बाइटमध्ये. तेवढे बाइट पूर्ण येईपर्यंत थांबायचं, मगच मजकूर करायचा.

आणि लांबी मोजताना भाषा एकच ठेवा. विंडोज आणि मॅक आतमध्ये यूटीएफ-१६ मोजतात, आयबस युनिकोडची चिन्हं मोजतं, आणि लिनक्सवरच्या नव्या वेलँड पद्धतीत मजकूर मागेपुढे करताना बाइट मोजतात. ‘मागचं एक पुस’ याचा अर्थ एकीकडे १ आणि दुसरीकडे ३. तयार टेक्स्ट बॉक्स वापरलात तर टूलकिट हे सांभाळतं. स्वतःचा टेक्स्ट बॉक्स बनवायला गेलात, तर हे सगळं तुमच्या डोक्यावर.

[२०:४०] ‘पावती’ ची पाच प्रश्नचिन्हं

मंडळाच्या विंडोज लॅपटॉपकडे वळू. बऱ्याच अ‍ॅपमध्ये सोय असते की अ‍ॅप आधीच उघडं असेल आणि तुम्ही फाइलवर डबल क्लिक केलंत, तर दुसरं अ‍ॅप उघडत नाही. नवी प्रोसेस सुरू होते, जुनीला फाइलचं नाव सांगते आणि बंद होते. हेही आयपीसीच.

फाइलचं नाव ‘पावती’. प, काना, व, त, दीर्घ वेलांटी, म्हणजे चिन्हं पाच. जुन्या पद्धतीने, अ‍ॅन्सी कोडपेजमधून नाव घेतलं, तर विंडोजवर देवनागरीसाठी असं कोडपेजच नाही. देवनागरी तिथे फक्त युनिकोडमधून चालते. म्हणून पाच चिन्हांची पाच प्रश्नचिन्हं. फाइल सापडत नाही, आणि सगळे म्हणतात फाइल करप्ट झाली. फाइल ठणठणीत असते.

यावर दोन उपाय. एक, विंडोजचे युनिकोडवाले फंक्शन वापरा. दोन, विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून अ‍ॅपच्या मॅनिफेस्टमध्ये यूटीएफ-८ हेच कोडपेज आहे असं जाहीर करता येतं.

मॅकवर वेगळी गंमत. ‘दुसऱ्या फेरीची यादी’ असं फाइलला नाव द्या. यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक सबंध चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे म्हणून. दिसायला सारखे, बाइट वेगळे. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत नावं तुकडे करून ठेवायची. तीच फाइल पेन ड्राइव्हवरून फिरली आणि दोन प्रोसेसनी नावं जशीच्या तशी ताडून बघितली, तर एक म्हणते आहे, दुसरी म्हणते नाही. ताडून बघण्याआधी दोन्ही नावं एकाच प्रमाण रूपात आणा, एवढं केलं की झालं.

[२३:३०] पत्ता, शिळी चावी आणि उघडं दार

थोडं भरभर जाऊ.

पत्ता. लिनक्स आणि मॅकवर आयपीसीसाठी सॉकेट फाइल वापरतात. तिच्या पत्त्याला मर्यादा आहे, लिनक्सवर १०८ बाइट, मॅकवर १०४. मॅकच्या तात्पुरत्या फोल्डरचा पत्ता आधीच लांबलचक असतो. त्यात तुम्ही फोल्डरला मराठी नाव दिलंत तर प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे १०४ मध्ये जेमतेम ३४ चिन्हं. सॉकेटचं नाव छोटं आणि रोमन ठेवा. मराठी पडद्यावर हवी, पत्त्यात नको.

शिळी फाइल. मांडवात लाइट गेली, पीसी बंद पडला. सॉकेट फाइल डिस्कवर तशीच राहिली असेल, तर पुढच्या वेळी अ‍ॅप म्हणतं, ‘मी आधीच चालू आहे.’ म्हणून नुसती फाइल आहे का ते बघू नका. तिच्याशी जोडणी करून बघा. कोणी उत्तर दिलं नाही तर फाइल पुसा आणि नव्याने सुरू करा. विंडोजच्या नेम्ड पाइपला हा त्रास नाही, प्रोसेस गेली की पाइप जातो. पण तिथे नाव अख्ख्या मशीनसाठी एकच असतं. एकाच लॅपटॉपवर दोन युजर लॉगिन असतील, तर एकाचा निरोप दुसऱ्याकडे जाऊ शकतो. नावात युजरची ओळख घाला.

आवृत्ती. मुख्य अ‍ॅप अपडेट झालं, मागे चालणारा मदतनीस जुनाच चालू आहे. दोघं एकमेकांचं ऐकतायत पण समजत नाहीये. पहिला निरोप नेहमी आवृत्तीचा नंबर असू द्या. जुळला नाही तर मदतनीसाला नम्रपणे बंद करून नवा सुरू करा.

आणि उघडं दार. काही जण सोपं म्हणून लोकल पोर्टवर छोटा वेब सर्व्हर चालवतात. तिन्ही सिस्टिमवर एकच कोड, काम झालं! पण त्या पोर्टवर मशीनमधलं कोणीही बोलू शकतं, ब्राउझरमधलं एखादं अनोळखी पानसुद्धा. जुलै २०१९ मध्ये झूमचं हेच प्रकरण बाहेर आलं. मॅकवर झूम असा लपलेला सर्व्हर चालवत होतं, आणि अ‍ॅप काढून टाकलं तरी तो मागे राहत होता. कुठलंही वेब पान तुम्हाला मीटिंगमध्ये ओढू शकत होतं. शेवटी अ‍ॅपलनेच अपडेट पाठवून तो काढला. पोर्ट वापरायचाच असेल, तर प्रत्येक निरोपासोबत गुप्त टोकन हवंच. आपल्या पावती अ‍ॅपमध्ये लोकांचे फोन नंबर आहेत, हे विसरू नका.

[२७:००] तुमचे नेहमीचे प्रश्न

‘मग इनस्क्रिप्ट शिकलो तर ही कटकट जाते का?’
बरीचशी जाते. इनस्क्रिप्ट १९८६ पासून आहे, सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेलं. त्यात सहसा एक कळ म्हणजे एक चिन्ह. त्यामुळे ते साधा कीबोर्ड लेआउट म्हणून सिस्टिममध्ये बसतं आणि मधे वेगळी प्रोसेस लागत नाही. फोनेटिकला मात्र विचार करणारं इंजिन लागतं. म्हणून टेस्ट करताना दोन्ही वापरा. इनस्क्रिप्ट चालतंय आणि फोनेटिक नाही, असं दिसलं तर दोष आयपीसीच्या साखळीत आहे, हे लगेच कळतं.

‘छापखानेवाले अजून जुने फॉन्टच का धरून बसलेत?’
गिरगाव-दादरच्या डीटीपीवाल्यांना नावं ठेवण्याआधी हे ऐका. कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या कोडवर बसवलेले असतात. कॉम्प्युटरच्या दृष्टीने तुम्ही इंग्रजीच टाइप करता. इंजिन नको, डीमन नको, कुठल्याही अ‍ॅपमध्ये चालतं. तोटा असा की मजकूर शोधता येत नाही, फोनवर पाठवला की कचरा दिसतो. पण रात्री दोन वाजता कार्यक्रमपत्रिका छापायची असते, तेव्हा माणूस न तुटणारी वाट धरतो. युनिकोडकडे त्यांनी यावं असं वाटत असेल, तर आपली अ‍ॅप न तुटणारी करणं हे आपलं काम आहे.

‘इलेक्ट्रॉन घेतलं तर सगळं आपोआप होतं ना?’
बरंच होतं, कारण आत क्रोमियम आहे. पण क्रोमियम स्वतःच अनेक प्रोसेसचा आहे. तुमचं पान एका प्रोसेसमध्ये, फाइल वाचणारा कोड दुसऱ्या. म्हणजे आयपीसी वाढतं, कमी होत नाही. आणि लिनक्सवर वेलँडमध्ये मराठी टायपिंग चालतंय का, हे इलेक्ट्रॉनच्या प्रत्येक नव्या आवृत्तीवर तपासून बघावं लागतं.

[३०:१०] सेव्ह करून ठेवायची यादी

स्क्रीनशॉट काढा हवा तर.

१. अ‍ॅप कोऱ्या मशीनवर चालवून बघा, जिथे तुमची डेव्हलपमेंटची साधनं नाहीत.
२. आयबस बंद करून अ‍ॅप उघडा. अ‍ॅप उघडलं पाहिजे आणि काय नाही ते सांगितलं पाहिजे.
३. टाइप करता करता आयबस बंद करा. अ‍ॅप गोठता कामा नये.
४. ‘लालबाग’ फोनेटिकमध्ये टाइप करून थांबता लगेच जतन करा. ‘ग’ आहे का बघा.
५. १३६६ पेक्षा जास्त देवनागरी चिन्हांचा सलग मजकूर पाठवा.
६. फाइलला ‘दुसऱ्या फेरीची यादी’ असं नाव देऊन तिन्ही सिस्टिमवर डबल क्लिक करा.
७. अ‍ॅप जबरदस्तीने बंद करा आणि लगेच परत उघडा.
८. एकाच मशीनवर दोन युजरमधून एकाच वेळी चालवा.

आठही पास झाले, तर तुमचं अ‍ॅप बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या अ‍ॅपपेक्षा मराठीशी चांगलं वागतं असं समजा.

काळबादेवीत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात देवनागरीचा एकेक खिळा हाताने जुळवला जायचा. खिळा चुकला तर जुळाऱ्याला दिसायचा. आपल्या काळात अक्षर चुकतं ते दोन प्रोसेसच्या मधल्या अंधारात, आणि तिथे बघणारं कोणी नसतं. ते बघायची सवय लावून घ्या.

पुढच्या एपिसोडमध्ये प्रिंटरकडे जाऊ. पडद्यावर बरोबर दिसणारं जोडाक्षर कागदावर का फुटतं, त्याची गोष्ट. तुमच्या अ‍ॅपमध्ये वरच्या यादीतला कितवा नंबर नापास झाला, ते नक्की कळवा. भेटू लवकरच!